फ्रीलान्सरचा १० टक्के टीडीएस आणि नवीन आयकर कायदा: नागपुरातून निवेदन द्यायचं आहे, कोणाला आणि नेमकं काय मागायचं?

महालची_अनुवादक

नमस्कार मंडळी. जरा मोठं लिहून राहिले आहे पण पूर्ण वाचून सांगा, कारण सुरुवात कुठून करायची हेच आम्हाला कळत नाहीये.

मी अनुवादाचं काम करते. इंग्रजी-हिंदीतून मराठी, माहितीपत्रकं, औषधांच्या डब्यातले कागद, ॲपमधला मजकूर, जे येईल ते. नोकरी नाही, कोणाच्या पगारपत्रकावर नाव नाही, महालातल्या घरी वरच्या खोलीत टेबल टाकलं आहे तेच ऑफिस. २०२४-२५ मध्ये माझी एकूण बिलं झाली ८,१८,००० ची. त्यातला एक क्लायंट २८,००० चा होता, त्याने काही कापलं नाही, बाकी ७,९०,००० वर सरसकट १० टक्के टीडीएस (बिलाचे पैसे देतानाच कापून सरकारकडे भरलेला टॅक्स) म्हणजे ७९,००० कापले गेले. खर्च (लॅपटॉप, इंटरनेट, सॉफ्टवेअर, दोन मुलींना तपासणीचं काम देते त्यांचे पैसे) १,६०,००० च्या आसपास. म्हणजे उरले ६,५८,०००, ज्यावर नवीन करपद्धतीत (न्यू टॅक्स रेजीम) टॅक्स शून्य! पण ते ७९,००० माझ्याजवळ कधी आले, तर सप्टेंबरात रिटर्न भरलं आणि डिसेंबरात रिफंड आला. मधल्या काळात मुलाची फी भरायला मी सोनं गहाण ठेवलं. माझेच पैसे सरकारकडे पडून आणि मी व्याज भरून राहिले, हे मला सहन झालं नाही.

आता आमचा एक ग्रुप आहे नागपुरातला, अनुवादक, कंटेंट लिहिणारे, फोटोग्राफर, ग्राफिकवाले, क्लासेसमध्ये शिकवणारे, असे पस्तीस-चाळीस जण. तिथे मेसेज फिरून राहिला की १ एप्रिल २०२६ पासून नवीन आयकर कायदा लागू आणि त्यात फ्रीलान्सरचं कंबरडं मोडणार. काही जण म्हणतात संविधान चौकात धरणं द्यायचं, काही म्हणतात छिंदवाडा रोडला आयकर अधिकाऱ्यांची अकादमी आहे तिथे निवेदन देऊ, एक जण म्हणतो ऑनलाइन पिटिशन करून सह्या गोळा करा. मी तीन सीएंना भेटले, तिघांनी माझं रिटर्न तीन वेगवेगळ्या पद्धतीने भरायला सांगितलं. एक म्हणाला आयकर कायद्याचं कलम ४४एडीए घ्या, अर्धं उत्पन्न धरा आणि मोकळ्या व्हा. दुसरा म्हणाला तुम्ही त्या यादीतच नाही, हिशोबाच्या वह्या ठेवा. तिसरा म्हणाला धंदा दाखवून ४४एडी मध्ये (छोट्या धंद्यांसाठीचं अंदाजे नफ्याचं कलम) टाकू.

मला दोन गोष्टी सांगा. हा नवीन कायदा खरंच आमच्या विरोधात आहे का? आणि आवाज उठवायचा तर नागपुरात बसून कोणाकडे, कसा?


धरमपेठ_सीए

ताई, मी सीए आहे, लहान ऑफिस आहे, तुमच्यासारखे बरेच क्लायंट आहेत. आधी त्या मेसेजचं सांगतो, कारण चुकीच्या गोष्टीवर चाळीस लोक चौकात बसले तर पुढच्या वेळी दहासुद्धा येणार नाहीत.

नवीन कायद्याने फ्रीलान्सरवर नवा टॅक्स लावलेला नाही. १९६१ च्या कायद्याची ८१९ कलमं होती ती ५३६ वर आणली, भाषा सोपी केली, 'असेसमेंट इयर' जाऊन 'टॅक्स इयर' आलं, टीडीएसची विखुरलेली कलमं एका ठिकाणी आणली. तुम्हाला जे दुखते ते जुनंच दुखणं आहे, फक्त नवीन घरात सामानासोबत तेही आलं.

पण दुखणं खरं आहे, आणि तुमच्या तिन्ही सीएंनी वेगवेगळं काहून सांगितलं त्यातच त्याचं मूळ आहे. नीट वाचा हे. कलमांचे आणि फॉर्मचे नंबर मी जुन्या, १९६१ च्या कायद्यातले देतो, नवीन कायद्यात ते बदलले आहेत.

४४एडीए म्हणजे काय, तर ठरावीक व्यवसायवाल्यांनी वह्या न ठेवता एकूण जमा रकमेच्या निम्मी रक्कम नफा दाखवायची. मर्यादा ५० लाख, आणि रोखीची जमा ५ टक्क्यांच्या आत असेल तर ७५ लाख. पण हे कोणाला? कलम ४४एए मधल्या यादीला. वकील, डॉक्टर, इंजिनिअर, आर्किटेक्ट, अकाउंटंट, टेक्निकल कन्सल्टन्सी, इंटिरियर डेकोरेशन, आणि मागून नोटिफिकेशनने आलेले फिल्म कलाकार, कंपनी सेक्रेटरी, आयटीवाले वगैरे. फिल्म कलाकारात गीतकार, कथालेखक, संवादलेखकसुद्धा आहेत. म्हणजे सिनेमाचे संवाद लिहिणारा यादीत आहे आणि औषधाच्या कागदाचा अनुवाद करणारा नाही. त्यामुळे तुमच्यासाठी ४४एडीए लावणं मला पटत नाही. ४४एडी मध्येही मी टाकत नाही, कारण उद्या नोटीस आली की उत्तर तुम्हाला द्यावं लागते, सीएला नाही.

आता खरी गंमत नाही, खरा अन्याय सांगतो. तुमचा क्लायंट १० टक्के कापतो ते १९४जे खाली, 'प्रोफेशनल सर्व्हिस' म्हणून. ती 'प्रोफेशनल सर्व्हिस' कायद्यात कशी सांगितली आहे पाहा: जवळपास तीच यादी, अधिक जाहिरात, आणि बोर्डाने नोटिफाय केलेले व्यवसाय. म्हणजे कापायच्या वेळी तुम्ही प्रोफेशनल, आणि अर्ध्या उत्पन्नाची सोय मागायला गेलात की प्रोफेशनल नाही! एकाच यादीचे दोन अर्थ. माझ्या मते बरंच अनुवादाचं काम १९४सी मध्ये, म्हणजे कंत्राटी कामात बसू शकते, जिथे वैयक्तिक माणसाला फक्त १ टक्का कापतात. पण कंपनीचा अकाउंट विभाग ती जोखीम घेत नाही, कारण कमी कापलं आणि उद्या चूक निघाली तर व्याज त्यांच्या डोक्यावर. जास्त कापलं तर त्यांचं काहीच जात नाही, जाते ते तुमचं.

म्हणून माझं म्हणणं, कायदा बदला असं मागूच नका. यादीत नवीन व्यवसाय घालायचा अधिकार केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाला कायद्यानेच दिला आहे, त्याला संसद लागत नाही, राजपत्रात नोटिफिकेशन लागते. आयटीवाले असेच आले.

अकादमीत जाऊ नका, तिथे नवीन अधिकारी प्रशिक्षण घेतात, धोरण तिथे ठरत नाही. सिव्हिल लाइन्सच्या आयकर कार्यालयात निवेदन द्या, पोच घ्या, पण तेही दिल्लीला पाठवण्यापलीकडे काही करू शकत नाहीत.


पगारदार_मनीषनगर

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. मी नोकरीवाला आहे, माझा टॅक्स दर महिन्याला पगार हातात यायच्या आधीच कापला जातो, मला ७५,००० च्या स्टँडर्ड डिडक्शनशिवाय काही मिळत नाही. आणि तुम्हाला ८ लाखाचे ४ लाख दाखवायची परवानगी पाहिजे? वर टीडीएस पण कमी पाहिजे? माझ्या ऑफिसमध्ये दोन जण नोकरी सोडून त्याच कंपनीत कन्सल्टंट झाले, तेच काम, तीच खुर्ची, आणि आता माझ्यापेक्षा कमी टॅक्स भरतात. सरकारने काहून ऐकावं तुमचं?


महालची_अनुवादक

भाऊ, राग नाही. पण मला पीएफ नाही, आजारी पडले तर त्या दिवसाचे पैसे नाहीत, गेल्या वर्षी एका क्लायंटने चार महिने बिल अडवून ठेवलं आणि मी विचारलं की 'अकाउंटवाले सुटीवर आहेत.' तुमचा पगार एक तारखेला येतो, माझा येईल की नाही हे मला माहीत नसते. आणि तुमचा टॅक्स कापताना कंपनी तुमचा वर्षाचा अंदाज काढते, जेवढा बसतो तेवढाच कापते. माझा टॅक्स शून्य असताना ७९,००० कापले. मला तुमच्यापेक्षा कमी टॅक्स नको आहे, मला तुमच्यासारखाच, बसेल तेवढाच कापलेला पाहिजे.

त्या दोन कन्सल्टंटबद्दल तुमचं म्हणणं मात्र बरोबर आहे, त्यावर मी विचार करून राहिले.


विमावाला_नंदनवन

ताई, नागपुरातून काही होत नाही असं कोणी सांगत असेल तर हे वाचून दाखवा.

मी विमा एजंट आहे, वीस वर्षं झाली. विम्याच्या हप्त्यावर १८ टक्के जीएसटी होता, आठवते ना? लोक पॉलिसी मध्येच सोडून देत होते, आम्ही घरोघरी शिव्या खात होतो. एलआयसीच्या नागपूर विभागातल्या कर्मचारी संघटनेने खासदार गडकरी साहेबांना निवेदन दिलं. त्यांनी २८ जुलै २०२४ ला अर्थमंत्र्यांना पत्र लिहिलं की जीवन विमा आणि मेडिकल विम्यावरचा जीएसटी काढा, आणि त्या पत्रात नागपूरच्या निवेदनाचा उल्लेख होता. ते पत्र बाहेर आलं आणि देशभर चर्चा झाली, विरोधी पक्षही त्याच मागणीवर उभे राहिले. सप्टेंबर २०२४ मध्ये जीएसटी परिषदेने मंत्रिगट नेमला. डिसेंबरात वाटलं होते निर्णय होईल, पुढे ढकलला. शेवटी ३ सप्टेंबर २०२५ ला निर्णय झाला आणि २२ सप्टेंबरपासून वैयक्तिक पॉलिसीवरचा जीएसटी शून्य. ग्रुप पॉलिसीवर राहिला, म्हणजे सगळं मिळालं असं नाही. पण पत्रापासून चौदा महिन्यांत झालं.

मी स्वतः ते निवेदन पाहिलं नाही, पण त्या मागणीत एक गोष्ट होती ती तुम्ही घ्या. एकच मागणी, एका ओळीत सांगता येणारी, आणि रस्त्यावरच्या कोणालाही पटणारी. तुमचं '१९४जे मधली व्याख्या' कोणाला समजणार नाही, 'टॅक्स शून्य आणि कापले ७९ हजार' हे माझ्या आईलाही समजते.

आणखी एक. आमच्या कमिशनवर आधी ५ टक्के टीडीएस कापायचे, १ एप्रिल २०२५ पासून तो २ टक्के झाला. दलाली-कमिशनवाल्यांचा ऑक्टोबर २०२४ पासून ५ चा २ झाला. म्हणजे दर कमी करता येतात, सरकारने केले आहेत. तुमचा १० काहून तसाच राहिला? कारण तुमच्या वतीने विचारणारं कोणी नव्हतं. तुमच्या बाबतीत फक्त ज्याच्या आत टीडीएस कापत नाहीत ती वर्षाची ३०,००० ची मर्यादा ५०,००० केली, तेवढंच.


रीडिंगहून_नागपूरकर

मी मूळचा प्रतापनगरचा, आता इंग्लंडमध्ये रीडिंगला असतो, आयटी कॉन्ट्रॅक्टर आहे. तुमचा प्रश्न वाचून राहवलं नाही कारण इथे हीच लढाई पंचवीस वर्षं चालू आहे, फक्त उलट्या बाजूने.

इथे कॉन्ट्रॅक्टर लोक स्वतःची छोटी कंपनी काढून काम करायचे आणि टॅक्स कमी बसायचा. १९९९ च्या बजेटसोबत एक प्रसिद्धिपत्रक निघालं, त्याचा नंबर होता आयआर३५, आणि त्या कायद्याला आजही लोक तेच नाव घेतात. मुद्दा हाच होता जो वर मनीषनगरवाले भाऊ म्हणाले: मधली कंपनी काढून टाकली तर हा माणूस नोकरच आहे ना? मग नोकरासारखा टॅक्स भर. एप्रिल २००० पासून लागू झालं. ते पत्रक निघाल्या निघाल्या कॉन्ट्रॅक्टर लोक इंटरनेटवर एकत्र आले, त्याच वर्षी त्यांनी संघटना उभी केली, तिचं आजचं नाव इप्से आहे. कोर्टात गेले आणि २००१ मध्ये हरले. मी हे मुद्दाम सांगतो कारण ग्रुपमध्ये कोणीतरी 'आपण कोर्टात जाऊ' म्हणेलच.

मग २०१७ मध्ये सरकारी कामांसाठी नियम बदलला: माणूस नोकर आहे की कॉन्ट्रॅक्टर हे तो स्वतः नाही, काम देणारा ठरवणार, आणि चूक झाली तर जबाबदारी वरच्यांवर. खाजगी कंपन्यांसाठी हेच एप्रिल २०२० पासून येणार होते, कोविडमुळे एप्रिल २०२१ ला आलं. आणि तेव्हा काय झालं, जे तुमच्या अकाउंट विभागाचं झालं तेच. कंपन्या घाबरल्या. एकेकाचं काम तपासत कोण बसणार, बऱ्याच मोठ्या कंपन्यांनी सरळ सांगितलं की आम्ही असे कॉन्ट्रॅक्टर घेतच नाही. माझं काम सुटलं तेव्हा. तीन महिने घरी होतो. जो कायदा मोजक्या लोकांना पकडायला केला त्यात खरोखर स्वतंत्र काम करणारे जास्त भरडले गेले.

आम्ही लोकांनी खासदारांना पत्रं लिहिली, छापील एकसारखी नाही, प्रत्येकाने आपलं स्वतःचं. हाउस ऑफ लॉर्ड्सच्या एका समितीने लेखी पुरावे मागवले, लोकांनी आपले अनुभव पाठवले आणि एप्रिल २०२० मध्ये त्या समितीने सरकारवर कडक टीका करणारा अहवाल दिला. लहान कंपन्यांना सूट राहिली. सप्टेंबर २०२२ मध्ये तर अर्थमंत्री क्वार्टेंग यांनी २०१७ आणि २०२१ चे दोन्ही बदल रद्द करतो अशी घोषणाच केली. त्या दिवशी आमच्या ग्रुपवर पेढ्यांचे फोटो! चार आठवडेही झाले नाहीत, नवीन अर्थमंत्री हंट आले आणि १७ ऑक्टोबरला त्यांनी ते परत घेतलं. आम्ही सगळे तोवर ढिले पडलो होतो, पत्रं थांबली होती, कोणी लक्षच ठेवून नव्हतं. अजून वाईट वाटते त्याचं.

म्हणून ताई, घोषणा झाली म्हणजे झालं असं समजू नका, राजपत्रात छापून येईपर्यंत ग्रुप मोडू देऊ नका.


शिकवणारी_हुडकेश्वर

मी पहिल्यांदाच लिहून राहिले आहे इथे. महालच्या ताई, मी तुमच्या त्या 'क्लासेसमध्ये शिकवणारे' पैकी आहे आणि मला तुमच्या मागणीची भीती वाटते, म्हणून लिहिते.

मी एका कोचिंग क्लासमध्ये फिजिक्स शिकवते. आधी पगार होता. दोन वर्षांपूर्वी सगळ्यांना बोलावून एक कागद दिला, सही करा, आता तुम्ही व्हिजिटिंग फॅकल्टी. त्या दिवसापासून पीएफ बंद, १० टक्के टीडीएस सुरू. पण सकाळी सातला अंगठा लावावा लागते, सुटी मागावी लागते, दुसरीकडे शिकवायची परवानगी नाही, कोणत्या दिवशी कोणता धडा हेही तेच ठरवतात. मी कशाची स्वतंत्र? मला कोणी विचारलं की काय करता तर मी शिक्षिका सांगते, कॉन्ट्रॅक्टर नाही सांगत.

आता तुम्ही म्हणाल १० चा १ टक्का करा. चांगलंच आहे, हातात पैसे जास्त येतील, मलाही येतील. पण मग क्लासवाल्यांना आणखी सोपं होईल, 'घ्या, आता तर टॅक्सही कापत नाही, तुमचाच फायदा' असं सांगून उरलेल्या लोकांकडूनही सही घेतील. माझ्या सोबतच्या दोन जणी अजून पगारावर आहेत. त्यांचा पीएफ माझ्या सहीमुळे जाऊ नये.

माझं म्हणणं चुकत असेल तर सांगा.


धरमपेठ_सीए

नाही मॅडम, तुमचं चुकत नाही, तुम्ही या धाग्यातलं सगळ्यात महत्त्वाचं बोलून गेलात.

कागदावर काय लिहिलं यापेक्षा प्रत्यक्ष काय चाललं आहे ते पाहायचं, हे आपल्याकडच्या कोर्टांनीही अनेकदा सांगितलं आहे. कामाची वेळ कोण ठरवते, पद्धत कोण ठरवते, दुसरीकडे काम करता येते का, स्वतःच्या जागी दुसरा माणूस पाठवता येतो का. तुम्ही सांगितलं ते सगळं नोकरीकडेच झुकते. तसं असेल तर तुमचं १९४जे चुकीचं, पगाराच्या कलमाखाली, १९२ खाली कापायला पाहिजे, आणि पीएफचा प्रश्न वेगळा उभा राहतो, त्याचं ऑफिस वेगळं, लढाई वेगळी. एक करा, हजेरीचे आणि वेळापत्रकाचे फोटो ठेवा, व्हॉट्सॲपवर आलेल्या सूचना पुसू नका.

आणि महालच्या ताई, याचा अर्थ निवेदनात 'सगळ्या कॉन्ट्रॅक्टरचा दर कमी करा' असं लिहू नका. रीडिंगवाल्यांनी सांगितलं तेच इथेही होईल, ढोबळ मागणीला ढोबळ नियम मिळतो.


इतवारीचा_दुकानदार

मी व्यापारी माणूस, फ्रीलान्सर वगैरे नाही, पण आंदोलन पाहिलं आहे म्हणून दोन शब्द. २०१३ च्या एप्रिलमध्ये नागपुरात जकात जाऊन एलबीटी (स्थानिक संस्था कर) आला. आम्ही इतवारीत दुकानं बंद ठेवली, मोर्चे काढले, उन्हात. त्या वेळी कागद भरायचा त्रास काय होता ते ज्याने भरले त्यालाच माहीत. १ ऑगस्ट २०१५ पासून ५० कोटींच्या आतल्या उलाढालीला सूट मिळाली, म्हणजे आम्ही जवळपास सगळेच सुटलो.

पण बेटा, आमचं शटर खाली आलं की अख्ख्या शहराला दिसते. किराणा मिळाला नाही की लोक विचारतात काय झालं. तू लॅपटॉप बंद केलास तर महालात कोणाला कळेल? तुझ्याच घरात कळेल. म्हणून चौकात बसू नकोस असं नाही म्हणत, बस, पण त्यावर भिस्त ठेवू नको. आमच्यावेळी बंदने काम झालं कारण महापालिका, राज्य सरकार सगळं इथल्या इथे होतं आणि हिवाळी अधिवेशनाला मंत्री आमच्या दारात येत होते. तुझा विषय दिल्लीचा आहे. यशवंत स्टेडियमवरून विधानभवनावर मोर्चा नेलास तर ते म्हणतील आयकर आमच्याकडे नाही, आणि ते खरंच असेल.


महालची_अनुवादक

सगळ्यांचे मनापासून आभार. मी दोन दिवस उत्तर दिलं नाही कारण ग्रुपमध्ये यावर भल्ली चर्चा झाली, थोडी भांडणंही. नवीन कायद्याविरुद्धचा मेसेज आम्ही थांबवला, चूक होती ते ग्रुपवर लिहून टाकलं. दोन जणांना ते आवडलं नाही, ते सोडून गेले.

आम्ही ठरवलं ते असं. मागणी एकच, दोन तोंडांची: आम्हाला प्रोफेशनल म्हणून १० टक्के कापायचे असतील तर यादीत घ्या, आणि यादीत घ्यायचं नसेल तर कंत्राटी कामाप्रमाणे १ टक्का कापा असं परिपत्रक काढा. विमावाले काका, काल मी आईला हे वाचून दाखवलं, ती म्हणाली 'एक काहीतरी म्हणा त्यांना म्हणावं,' तेव्हा वाटलं जमलं.

हुडकेश्वरच्या ताईंमुळे एक परिच्छेद वाढवला आहे, की ज्यांची वेळ, जागा आणि काम मालक ठरवतो ते आमच्यात धरू नका, त्यांना नोकरच समजा. यावर आमच्यातले दोघे नाराज आहेत, ते म्हणतात आपली संख्या कमी होईल. होऊ दे. त्या बायकांचा पीएफ जाऊन मला नऊ टक्के नको आहेत.

आता दोन प्रश्न उरले. निवेदन कधी द्यायचं? आणि सीए साहेब, तोवर माझे पैसे अडकू नयेत म्हणून काही करता येते का?


धरमपेठ_सीए

कमी दराने कापायचं सर्टिफिकेट मिळते, कलम १९७, ऑनलाइन अर्ज. पण त्यात क्लायंटचे टॅन नंबर (टॅक्स कापणाऱ्याचा नंबर) आणि अंदाजे रकमा लागतात, वर्षाच्या सुरुवातीला. तुमचे दोन-तीन क्लायंट कायमचे असतील तर त्यांच्यापुरता नक्की करा, एप्रिलमध्येच. १५जी चा फॉर्म (टीडीएस कापू नका असं लिहून द्यायचा) देऊ नका, कोणी सांगेल, पण तो या प्रकारच्या पेमेंटला चालत नाही. आणि उद्यम नोंदणी (लहान उद्योग म्हणून सरकारकडची नोंद) केली नसेल तर फुकट आहे, करून घ्या. तुमचं बिल मुदतीत, म्हणजे जास्तीत जास्त ४५ दिवसांत दिलं नाही, तर कंपनीला तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईल त्याच वर्षी धरता येतो, २०२३ च्या फायनान्स ॲक्टने आणलेला नियम आहे. चार महिने अडवणाऱ्याला एक साधं पत्र पाठवा त्यावर. मात्र काही कंपन्या यामुळे उद्यमवाल्यांना टाळतात असंही झालं आहे, ते पाहून घ्या.

वेळेचं: बजेट १ फेब्रुवारीला येते आणि त्याच्या सूचना आधीच्या पावसाळ्यानंतर गोळा होतात. दिवाळीनंतर जागे झालात तर उशीर. पण तुमची मागणी नोटिफिकेशनची किंवा परिपत्रकाची आहे, ती बजेटला बांधलेली नाही, कधीही द्या. खासदार कार्यालय, अर्थ मंत्रालय आणि कर मंडळ, तिन्हीकडे, आणि केंद्राच्या तक्रार पोर्टलवरही, नोंदणी क्रमांक मिळतो त्यावर.

लिहून काही होत नाही म्हणणाऱ्यांना एक सांगा. फेब्रुवारी २०२५ मध्ये नवीन आयकर विधेयक आलं त्यात एक ओळ अशी होती की रिटर्न मुदतीत भरलं नाही तर रिफंड मागता येणार नाही. विचार करा, ७९,००० गेलेच असते एका दिवसाच्या उशिराने! लोकांनी, सीएंनी त्यावर लिहिलं, बैजयंत पांडा यांच्या प्रवर समितीने ती ओळ काढायला सांगितलं आणि ऑगस्टमध्ये जे सुधारित विधेयक पास झालं त्यात ती नव्हती. दोन पानांचं टिपण मीही पाठवलं होतं तेव्हा. माझ्यामुळे झालं असं अजिबात नाही, पण त्या ढिगाऱ्यात माझा कागद होता याचं मला बरं वाटते.

निवेदनाला सह्यांपेक्षा हिशोब जोडा. प्रत्येकाचं एका वर्षाचं २६एएस (आपल्या नावावर किती टॅक्स कापला ते दाखवणारं आयकर खात्याचं पत्रक), त्यात कापलेली रक्कम, शेजारी रिटर्नप्रमाणे खरा बसलेला टॅक्स, आणि रिफंड कोणत्या तारखेला आला. पॅन झाकून टाका. असे तीस कागद असले तर पुरे.


पगारदार_मनीषनगर

मी वर कडक बोललो होतो. हुडकेश्वरच्या मॅडमनी लिहिलं ते वाचलं. माझ्या ऑफिसमधल्या त्या दोघांपैकी एकाला काल विचारलं, तर तो म्हणाला त्याने स्वतः नोकरी सोडली नव्हती, सही करायला लावली होती. मला माहीत नव्हतं. तुमच्या निवेदनाचा तो परिच्छेद तसाच ठेवा. एक्सेलमध्ये तक्ता करून पाहिजे असेल तर सांगा, माझं रोजचं काम तेच आहे.


महालची_अनुवादक

दादा, पाहिजेच आहे. रविवारी सकाळी दहाला माझ्या घरी बसून राहिलो आहोत, पत्ता मेसेजमध्ये देते. सध्या सव्वीस जणांचे २६एएस आले आहेत. हुडकेश्वरच्या ताई, तुम्ही पण या, आणि त्या पगारावरच्या दोघींना सोबत आणा.


शिकवणारी_हुडकेश्वर

येते. त्यातली एक येईल, दुसरीचा त्या दिवशी एक्स्ट्रा क्लास लावला आहे.